एकच किल्ली, अनेक लिप्या

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून विद्यार्थी आम्हांस अधूनमधून एक प्रश्न विचारतात. लोकसेवा केंद्रातून पूर्वी मिळालेल्या दाखल्यावर 'जिल्हा छिंदवाडा' असे लिहिलेले आहे. संगणकावर ती फाइल उघडून तेवढा एक शब्द बदलला, तर काय बिघडले? जिल्हा तर खरोखरच बदलला आहे!

प्रश्न पोरकट नाही. अशा दाखल्याच्या फाइलीत अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असते. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली, तिच्या शंभर प्रती काढल्या, तरी त्या स्वाक्षरीस धक्का लागत नाही. मात्र आतील एक अक्षर बदलले की ती तत्क्षणी तुटते. बदललेला शब्द खरा की खोटा, हे ती पाहत नाही. छापलेल्या कागदावरील हिरवी खूण ही तर केवळ शाई होय. स्वाक्षरी फाइलीत राहते, कागदावर उतरत नाही.

ही स्वाक्षरी होते कशी? आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी आमचा स्नेह बेताचाच. तरीही पुढील उदाहरण आम्हांसही कागदावर सोडविता आले, तेव्हा वाचकांनी धीर सोडू नये.

३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. दोहोंतून एकेक वजा करून गुणाकार केला तर २ गुणिले १०, म्हणजे २० येतात. आता असे दोन अंक हवेत की त्यांच्या गुणाकारास २० ने भागले असता बाकी १ उरावी. ३ आणि ७ हे तसे अंक होत, कारण त्यांचा गुणाकार २१. यांपैकी ३३ व ३ हे आपण चव्हाट्यावर लिहून ठेवतो. ही झाली उघड किल्ली. ७ हा अंक कोणासही सांगावयाचा नाही. ही गुप्त किल्ली. समजा, ५ या अंकावर स्वाक्षरी करावयाची आहे. ५ चा सातवा घात ७८१२५. त्यास ३३ ने भागता बाकी १४ उरते. हे १४ म्हणजे स्वाक्षरी. ज्यास पडताळा पाहावयाचा आहे तो १४ चा घन करतो, २७४४. त्यास ३३ ने भागतो आणि बाकी उरते ५. मूळ अंक परत मिळाला! पडताळणाऱ्यास ७ हा अंक कधीच कळला नाही, आणि ७ ज्याला ठाऊक नाही त्याला ही स्वाक्षरी सरळ मार्गाने करता आली नसती.

अर्थात ३३ चे अवयव तिसरीतील मूलही पाडील, आणि अवयव सापडले की ७ सापडलाच. म्हणून व्यवहारातील संख्या प्रचंड असतात. २०४८ बिटांची संख्या दशमान पद्धतीने लिहिली तर ६१७ अंकी होते. रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी ही रीत १९७७ साली मांडली. प्रत्यक्षात सबंध दाखल्यावर हे गणित करीत नाहीत. दाखल्यापासून एक ठराविक लांबीचा ठसा काढतात आणि त्या ठशावर स्वाक्षरी करतात. 'छिंदवाडा'चे 'पांढुर्णा' केले की ठसा पार बदलतो, आणि जुनी स्वाक्षरी त्याशी जुळत नाही.

आता पुढची शंका. ही उघड किल्ली अमुक अधिकाऱ्याचीच, हे कोणी सांगावे? ते सांगणारे पत्र म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र. त्यात नाव, उघड किल्ली, आरंभाची व समाप्तीची तारीख, आणि ते देणाऱ्या संस्थेची स्वतःची स्वाक्षरी असते. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरपासून लागू झाला. प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक हे या साखळीच्या मुळाशी आहेत. ते संस्थांना परवाना देतात आणि त्या संस्था व्यक्तींना प्रमाणपत्रे देतात. साखळीचा मधला दुवा कच्चा निघाला तर काय होते, तेही आपल्या देशाने पाहिले आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले, आणि नियंत्रकांनी तो दुवाच रद्द केला.

येथवर झाली ओळख. आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू.

किल्ली आणि प्रमाणपत्र संगणकात निरनिराळ्या रूपांत ठेवलेली असतात, आणि एका यंत्रास भावते ते रूप दुसऱ्यास चालत नाही. आमची मातृभाषा कोंकणी. ती देवनागरी, रोमन, कन्नड, मलयाळम आणि फारसी-अरबी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली आहे. मंगळूरच्या घरातून कन्नड लिपीत लिहून आलेले पत्र मडगावच्या माणसास वाचता येणार नाही; पण कोणी मोठ्याने वाचून दाखविले तर शब्द न् शब्द कळेल. किल्लीचेही असेच आहे. 'डेर' हे रूप म्हणजे नुसते बाइट. ते यंत्राने वाचावे, माणसाने नव्हे. 'पेम' या रूपात तेच बाइट ६४ साध्या चिन्हांत लिहितात. तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून हे रूप सुमारे एक-तृतीयांशाने लांबते. परंतु ते पत्रातून पाठविता येते, डोळ्यांस दिसते. त्याची पहिली ओळ पाच आडव्या रेघांनी सुरू होते आणि पुढे 'बिगिन' हा शब्द असतो. तिसरे रूप 'पीएफएक्स'. ही कुलपाची पेटीच होय: गुप्त किल्ली, प्रमाणपत्र आणि वरची साखळी हे सारे पासवर्डाखाली एकत्र.

रूप पालटण्याचे काम करणारे एक विख्यात साधन म्हणजे १९९८ साली आरंभ झालेला 'ओपनएसएसएल' हा कार्यक्रम. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. पडद्यावर आज्ञा टंकावी लागते. आज्ञा आम्ही येथे नागरीत देतो, टंकताना ती रोमन अक्षरांत टंकावी. प्रमाणपत्र 'पेम'मधून 'डेर'मध्ये न्यावयाचे तर: ओपनएसएसएल एक्स५०९ -इन जुने.पेम -आउटफॉर्म डेर -आउट नवे.डेर. उलट दिशेने यावयाचे असेल तर 'इनफॉर्म डेर' असे सांगावे. '-नोआउट -डेट्स' असे लिहिले की आरंभ व समाप्तीच्या तारखा दिसतात. '-फिंगरप्रिंट' म्हटले की ठसा. फाइलीच्या नावाच्या शेपटीवर मात्र विसंबू नये. 'सीआरटी' किंवा 'सीईआर' या शेपटीखाली दोन्ही रूपे आढळतात. उघडून पहिली ओळ पाहावी, हेच बरे.

प्रमाणपत्राचे असे रूपांतर निर्धोक आहे, कारण प्रमाणपत्र जगास दाखविण्यासाठीच असते. खरी कसोटी पेटी उघडताना लागते. 'पीकेसीएस१२' ही आज्ञा पेटीतील ऐवज बाहेर काढते. तिच्यापुढे 'नोकीज' लिहिले तर किल्ली वगळून प्रमाणपत्रे येतात, 'नोसर्ट्स' लिहिले तर केवळ किल्ली. आणि 'नोड्स' असे लिहिले तर किल्ली पासवर्डावाचून, उघडीवाघडी बाहेर पडते. हा 'नोड्स' शब्द फार फसवा आहे. तो 'डीईएस नको' याचा संक्षेप, म्हणजे गुप्तलेखन करू नको. पण वाचणारास तो भलताच कसला तरी शब्द वाटतो. २०२१ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्यासाठी 'नोएन्क' हे स्पष्ट नाव दिले, ते योग्यच झाले. त्याच आवृत्तीने जुन्या, दुबळ्या रीतीने बंद केलेल्या पेट्या 'लेगसी' असे सांगितल्यावाचून उघडण्याचे नाकारले. पुष्कळांस हा पासवर्डाचा दोष वाटतो, पण तो कुलपाच्या वयाचा असतो.

आपल्या भागात संत्री टोपलीतून कॅरेटमध्ये भरतात, तेव्हा फळ पालटत नाही. पण फळ सांडते ते याच वेळी. किल्लीचेही तसेच. बागेत सांडलेले फळ उचलून घेता येते. सांडलेली किल्ली मात्र परत आली तरी तिची नक्कल कोठे राहिली, हे कळत नाही. म्हणून हे काम सायबर कॅफेतील संगणकावर करू नये, आणि कोणत्याही संकेतस्थळावर 'येथे पेटी टाका, रूपांतर करून देतो' असे लिहिलेले असले तरी तेथे ती टाकू नये. पासवर्ड आज्ञेच्या ओळीतच लिहू नये, कारण ती ओळ संगणकाच्या इतिहासात उरते, विचारल्यावर टंकावा. बाहेर काढलेल्या फाइलीस 'सीएचमॉड ६००' लावावे, म्हणजे मालकावाचून इतर वापरकर्त्यांस ती वाचता येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याच ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. त्या छिद्रातून स्मृतीतील गुप्त किल्ल्याही बाहेर जाऊ शकत होत्या. तेव्हा ज्यांनी आपल्या किल्लीचे केवळ रूप पालटले असते, त्यांनी काहीच साधले नसते. नवी किल्ली करणे आणि जुने प्रमाणपत्र रद्द करविणे हाच उपाय होता.

व्यक्तींच्या डिजिटल स्वाक्षरीची किल्ली आपल्याकडे बहुधा अंगठ्याएवढ्या यूएसबी टोकनात असते. ती टोकनाबाहेर निघत नाही. स्वाक्षरी आतच होते. तेव्हा रूपांतराचा प्रश्न उरत नाही. पण येथे दुसरेच संकट आहे. व्यापारी आपले टोकन पासवर्डासह हिशेबनिसाच्या खणात ठेवून देतात. ग्रामपंचायतीच्या खर्चाचे पैसे ई-ग्रामस्वराजमधून देताना पंचायतीच्या अधिकृत व्यक्तींची डिजिटल स्वाक्षरी लागते. अशा वेळी टोकन ज्याच्या खिशात, त्याच्याच हाती सरपंचकी. मग निवडून कोणीही आलेले असो. विशेषतः सरपंच आई वा काकू असेल आणि टोकन दुसऱ्याच कोणाजवळ असेल, तर घरातील शिकलेल्या मुलामुलींनी एकदा विचारावे, "टोकन कोठे आहे?" वर उल्लेखिलेल्या अधिनियमाचे ४२ वे कलम सांगते की, गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी वाजवी काळजी धारकाने घेतली पाहिजे, आणि ती हातची गेली तर विनाविलंब प्रमाणन संस्थेस कळविले पाहिजे.

संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांचे आयुष्यही आता आखूड होत आहे. २०२० पासून त्याची मर्यादा ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे ती १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस. हाताने आज्ञा टंकून इतक्या वेळा प्रमाणपत्रे बदलणे कठीण. ते काम यंत्रांकडेच जाईल. तरीही यंत्र अडले म्हणजे तारीख पाहणारा, ठसा जुळविणारा कोणीतरी लागेलच.

अभ्यासासाठी दोन प्रश्न. पहिला: एखाद्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र उतरवून घ्या, ते 'पेम'मधून 'डेर'मध्ये न्या, दोहोंचा ठसा काढा आणि ते ठसे एकच का येतात ते लिहा. दुसरा: ५ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ५५. उघड किल्ली ५५ व ३ अशी आहे, आणि स्वाक्षरी म्हणून १८ हा अंक आला आहे. स्वाक्षरी कोणत्या अंकावर केली होती? कागद-पेन्सिल पुरे आहे. ज्यांस उत्तर सापडेल त्यांनी गुप्त किल्लीही शोधून पाहावी. ५५ च्या बाबतीत ते पाच मिनिटांचे काम आहे.