एक तोळ्याची गोळी

कोलोरॅडो राज्याच्या वायव्येला क्रेग नावाचं लहान गाव आहे. शरद ऋतूत हरणांचा हंगाम सुरू झाला की तिथल्या मोटेलांबाहेर भडक नारिंगी जाकिटं दिसू लागतात. रायफलनं शिकार करणाऱ्यानं नारिंगी किंवा गुलाबी चकाकता रंग घालायचा, असा तिथला कायदाच आहे. मूळचे कोल्हापूरचे मामा या गावात मुरले आहेत. डेन्व्हरला नोकरी करणारी भाची मुक्ता यंदा त्यांच्याबरोबर म्यूल डिअर जातीच्या हरणाच्या शिकारीला निघाली आहे. शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स झालाय, परवाना हातात आहे. जेवणाच्या टेबलावर काडतुसांची खोकी मांडून दोघं बसलेत.

मुक्ता : मामा, दुकानदार म्हणाला, लांबून मारायचं तर .300 विंचेस्टर मॅग्नमच घ्या. मोठं कॅलिबर, मोठा पल्ला.

मामा : त्याला खपवायचं असतंय गं. ही दोन काडतुसं बघ. हे .30-06, 1906 सालचं. हे तुझं मॅग्नम, 1963 चं. दोन्हींतल्या गोळ्या काढून शेजारी ठेवल्या तर कुठली कशातली ते सांगता यायचं नाही. दोन्हींचा व्यास, म्हणजेच कॅलिबर, 0.308 इंच, आठ मिलिमीटरला जरा कमी.

मुक्ता : मग मॅग्नम मोठं कशात?

मामा : मागच्या पितळी नळकांड्यात. दारू जास्त मावते, म्हणून तीच गोळी जोरात सुटते. 180 ग्रेनची गोळी .30-06 मधून सेकंदाला साधारण 2700 फुटांनी निघते, मॅग्नममधून 2950 च्या आसपास.

मुक्ता : ग्रेन म्हणजे किती?

मामा : 180 ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा. 1833 मध्ये कंपनी सरकारनं तोळा 180 ग्रेनचा ठरवला. जुन्या पाटल्या ज्या तोळ्यानं तोलल्या जायच्या, तेवढ्याच वजनाची ही गोळी.

मुक्ता : पण सेकंदाला अडीचशे फूट जास्त म्हणजे चांगलाच फरक झाला की!

मामा : कागदावर. दोन्ही रायफलींचा नेम 200 यार्डांवर बसवलाय असं धर. 400 यार्डांवर .30-06 ची गोळी दोन फूट खाली पडते, मॅग्नमची वीसेक इंच. चार-पाच इंचांचा फरक. आता अंतर मोजायला लेझर आहे, दुर्बिणीवर चकती आहे. अंतर कळलं की चकती फिरवायची, झालं. गोळी किती पडणार ते आधीच ठाऊक असतं. वारा किती, ते ठाऊक नसतं.

मुक्ता : वाऱ्यानं एवढी सरकते?

मामा : ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर 400 यार्डांवर .30-06 ची गोळी चौदाएक इंच ढकलली जाते, मॅग्नमची बाराएक. म्हणजे मोठ्या काडतुसानं तुला दोन इंच मिळवून दिले. आणि तू वारा ओळखताना पाच मैलांनी चुकलीस, तर सहा-सात इंच गेले. हरणाची छाती, म्हणजे हृदय-फुप्फुसाचा भाग, आठ ते दहा इंचांचा. मधोमध नेम धरलास तरी चार-पाच इंचांचीच मोकळीक. पुढं पोट. पोटात गोळी लागलेलं हरीण मैलोन्मैल पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. शिवाय या डोंगरात तुझ्या गालाला लागणारा वारा एक, मधल्या घळीतला भलताच. गवत हलतंय का, धूळ कुठं उडते, ते बघायचं.

मुक्ता : मग मॅग्नमचा तोटा काय? थोडा का होईना, फायदाच आहे.

मामा : खांद्याला विचार. सारख्याच वजनाच्या रायफलीत त्याचा धक्का .30-06 च्या सव्वा ते दीडपट. पाच-सहा बार काढले की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आवळतो. आणि महाग काडतूस म्हणून सरावही कमी करतो.

मुक्ता : बरं, .30-06 ठरलं. पण त्यातही इतकी खोकी! ही मऊ शिशाच्या टोकाची, ही प्लॅस्टिकच्या टोकाची, ही नुसती तांब्याची.

मामा : आता मुद्द्यावर आलीस. कॅलिबरवर लोक रात्र-रात्र भांडतात आणि गोळी कशी घडवलीय ते कुणी बघत नाही. शिकारीची गोळी आत गेल्यावर फुलली पाहिजे. हे बघ, गेल्या सालच्या हरणातून निघालेली. टोक पाकळ्यांसारखं मागं वळलंय, रुंदी जवळजवळ दुप्पट झालीय, बूड शाबूत आहे. अशी फुलली की जनावर लवकर पडतं. सैनिकी पद्धतीची, पूर्ण कवचाची गोळी सुईसारखी आरपार जाते. म्हणून इथं हरणाला फुलणारीच गोळी लागते, कायद्यानं.

मुक्ता : मग जितकी फुलेल तितकी चांगली?

मामा : तसंही नाही. 1946 ची गोष्ट. जॉन नॉस्लर नावाचा माणूस कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूस नावाच्या थोराड हरणाच्या शिकारीला गेला. हातात जोरकस .300 मॅग्नम, तुझ्या विंचेस्टरच्या आधीचं. मूसच्या अंगावर वाळलेला चिखल. वेगानं गेलेल्या गोळ्या वरच्यावर फुटल्या, आत पोचल्याच नाहीत. घरी येऊन त्यानं गोळीच्या पोटात तांब्याची आडभिंत घातली. पुढचं शिसं फुलेल, मागचं भिंतीआड टिकून आत घुसेल. 1948 मध्ये त्यानं कंपनी काढली. पार्टिशन गोळी आजही विकली जाते.

मुक्ता : म्हणजे वेग जास्त झाला तर गोळी फुटते. आणि कमी झाला तर?

मामा : फुलतच नाही. लांब पल्ल्याची खरी मेख तीच. बहुतेक शिशाच्या गोळ्यांना फुलायला सेकंदाला 1800 फुटांच्या आसपास वेग लागतो, अखंड तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना 2000 च्या जवळ. .30-06 ची 180 ग्रेनची गोळी 500 यार्डांवर पोचेतो साधारण 1850 वर आलेली असते. त्यापुढं गोळी लागेल, पण काम करील याचा भरवसा नाही. खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात कुठल्या अंतराला किती वेग उरतो ते छापलेलं असतं. ऊर्जेचे आकडे नंतर, आधी ते वाचायचं.

मुक्ता : मग तांब्याची घ्यायचीच कशाला, लवकर हरते तर?

मामा : कारण शिसं तुकडे सोडतं. एक्स-रेत मांसात त्याचे कण गोळीच्या वाटेपासून कितीतरी लांब दिसतात, आणि तेच मांस आपण पोरांना वाढतो. टाकलेलं आतडं गिधाडं खातात. आपल्याकडची गिधाडं डायक्लोफेनॅक या औषधानं गेली, इकडं कॉन्डॉर नावाची गिधाडं शिशानं मरत आली. कॅलिफोर्नियानं 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंदच केल्या. कोलोरॅडोत चालतात. माझं मत विचारशील तर तांबं घे, फक्त 165 ग्रेनची हलकी गोळी घे, म्हणजे वेग टिकतो.

मुक्ता : इथल्या कायद्यात मोठ्या कॅलिबरचा आग्रह नाही?

मामा : हरणासाठी किमान .24 कॅलिबर, 70 ग्रेनची गोळी आणि 100 यार्डांवर 1000 फूट-पाउंड ऊर्जा. .30-06 जवळ 500 यार्डांवरसुद्धा त्याहून जास्त उरते. (हसून) आणि हे सगळं इथलं. शाहू महाराजांच्या काळी कोल्हापुरात चित्ते सोडून काळवीट धरायचे, ते दिवस गेले. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे, गोळी कुठलीही असो.

मुक्ता : शेवटचं. किती लांबून मारायचं?

मामा : 400 यार्ड जायला गोळीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात हरणानं एक पाऊल टाकलं की नेम पोटावर. रायफल 100 यार्डांवर दोन इंचांत गोळ्या पाडत असेल तर 400 वर त्या आठ इंचांत पसरतात, म्हणजे अख्खी छाती वाऱ्याविनाच संपली. तू बसून, श्वास चढलेला असताना, ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पाडशील, ते तुझं अंतर. पहिल्या वर्षी ते 200 च्या आतच असणार. त्यापुढं दिसलं तर जवळ सरकायचं, नाहीतर जाऊ द्यायचं.

मुक्ता : मग उद्या दुकानात काय मागू?

मामा : .30-06, तांब्याची 165 ग्रेन, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक खोकी. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. जी तुझ्या रायफलीतून सगळ्यात जवळजवळ पाडेल, तिचीच आणखी चार खोकी एकाच लॉटची घे. तीन सरावाला, एक शिकारीला. मॅग्नम एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी विचारात घेऊ. तुझा परवाना हरणाचा आहे.