तेरा वर्षांच्या पोराचा डाव

बुद्धिबळात पहिल्या दहा-बारा खेळ्या म्हणजे डावाची सुरुवात. तेवढ्यात मोहरी बाहेर काढायची, पटाचा मध्य धरायचा आणि राजाला सुरक्षित जागी न्यायचं. राजाला नेण्याच्या खेळीला किल्लेकोट म्हणतात. राजा दोन घरं बाजूला सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून शेजारी बसतो. आपल्या जुन्या देशी खेळात हे नव्हतं. तिथे राजा एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेई.

१९५६ सालची गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी स्पर्धा चालू होती. बॉबी फिशर हा १३ वर्षांचा मुलगा काळी मोहरी घेऊन बसला. समोर डोनाल्ड बर्न, वय २६, नावाजलेला खेळाडू. बॉबीने चौथ्याच खेळीला किल्लेकोट केला. बर्नचा राजा मधेच उभा होता. तरी अकराव्या खेळीला बर्नने एकदा बाहेर काढलेला उंटच पुन्हा हलवला. इथेच घात झाला. बॉबीने लगेच आपला घोडा त्याच्या घोड्याच्या तोंडी ठेवला. तो मारावा, तर राजासमोरची वाट उघडी पडते. मारला नाही, तरी पुढे ती उघडलीच! मग हत्तीने त्याच वाटेने शह दिला.

सतराव्या खेळीला तर बॉबीने आपला वजीर मरू दिला. बदल्यात एक हत्ती, दोन उंट व एक प्यादं मिळवलं. घोडा उडी मारी, की मागून उंटाचा शह बसे. ४१ व्या खेळीला मात झाली. बर्नचा वजीर तेव्हाही पटावर होता, पण पार दुसऱ्या टोकाला.

बॉबी पुढे १९७२ साली जगज्जेता झाला.