तीन अक्षरे आणि त्यांमागील शब्द

आधुनिक नागरिकाचा दैनंदिन व्यवहार मोठ्या प्रमाणावर लघुरूपांच्या आधारे चालतो. टपालाच्या पाकिटावर, औषधाच्या पुडीवर, किराणा मालाच्या वेष्टनावर, पोलीस ठाण्यातील कागदावर रोमन वर्णमालेतील तीन अक्षरे हटकून आढळतात. ती इतकी अंगवळणी पडलेली असतात, की ती मुळात तीन शब्दांची आद्याक्षरे आहेत, याचाच विसर पडतो. भारतीय भाषांच्या बाबतीत हा विसर अधिक लवकर पडतो. मूळ शब्द इंग्रजी असतात आणि देवनागरीत ‘एफ. आय. आर.’ असे लिहिले, म्हणजे ती आद्याक्षरेही उरत नाहीत. उरतात ती केवळ परक्या वर्णमालेतील अक्षरांची नावे. मराठी, बंगाली किंवा तमिळ बोलणाऱ्या माणसाला ‘एफ. आय. आर.’ हे एखाद्या वस्तूचे रूढ नाव वाटते, आणि नावाचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही.

या विस्मरणाने केवळ भाषेचीच हानी होते, असे नाही. या तीन शब्दांपैकी एखाद्या शब्दात ग्राहकाचे संरक्षण, नागरिकाचा हक्क किंवा रुग्णाचा जीवही सामावलेला असतो. तो शब्द विसरला, की त्याबरोबर तो हक्कही विसरला जातो. प्रस्तुत लेखात अशा चार परिचित संक्षेपांचा विचार केला आहे.

संक्षेपाची जुनी परंपरा

संक्षेपाची कल्पना भारताला नवी नाही. पाणिनीच्या व्याकरणात ‘अच्’ या एका लहानशा संज्ञेने सर्व स्वरांचा, तर ‘हल्’ या संज्ञेने सर्व व्यंजनांचा बोध होतो. मात्र या संज्ञा वापरण्यापूर्वी विद्यार्थ्याला चौदा माहेश्वर सूत्रे मुखोद्गत करावी लागत. संक्षेप उलगडण्याची किल्ली आधी हाती दिली जाई आणि संक्षेप नंतर येई. मराठी पत्रव्यवहारातील ‘कृ. सा. न. वि. वि.’ या मायन्याचेही असेच आहे. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या व वाचणाऱ्याच्या भाषेतलेच असल्यामुळे अक्षरांमागचा नमस्कार हरवत नसे.

आजच्या संक्षेपांची स्थिती याच्या उलट आहे. अक्षरे सर्वांच्या तोंडी असतात. किल्ली मात्र थोड्यांच्याच हाती असते.

पिन : एक संक्षेप, दोन अर्थ

‘पिन’ हा संक्षेप अक्षरे सुटी न उच्चारता एका शब्दासारखा उच्चारला जातो. टपाल खात्याच्या व्यवहारात त्याचे पूर्ण रूप ‘पोस्टल इंडेक्स नंबर’, म्हणजे टपाल निर्देशांक, असे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशभर सुरू झाली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार मंडळाचे सदस्य होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि वाचता न येणारी हस्ताक्षरे यांमुळे पत्रे भलतीकडे जात. या अडचणीवर सहा अंकांचा हा उपाय योजण्यात आला.

यातील प्रत्येक अंकाला अर्थ आहे. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. १ ते ८ हे अंक भौगोलिक विभागांचे असून ९ हा सैनिकी टपालासाठी आहे. पहिले दोन अंक मिळून टपालाचे मंडळ कळते, तिसऱ्या अंकाने पत्रांची वर्गवारी करणारा जिल्हा कळतो आणि अखेरच्या तीन अंकांनी प्रत्यक्ष पत्र वाटणारे कार्यालय ठरते. ४०० ००१ हा क्रमांक घेतला, तर ४ या अंकाने महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगढ यांचा विभाग सूचित होतो. ४०० या अंकांनी मुंबई आणि ००१ या अंकांनी तेथील मुख्य टपाल कार्यालय कळते.

बँकेच्या व्यवहारात हाच ‘पिन’ वेगळ्या शब्दांचा संक्षेप असतो. तेथे त्याचा अर्थ ‘पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर’, म्हणजे वैयक्तिक ओळख क्रमांक, असा होतो. पहिला क्रमांक सर्वांना सांगण्यासाठी आहे. दुसरा कोणालाही न सांगण्यासाठी. पहिला अनेक लोकांचा सामायिक असतो. दुसरा एकाच खातेदाराचा असतो. उच्चार सारखा असला, तरी दोहोंचे धर्म परस्परविरुद्ध आहेत.

२०१६ पासून भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची ‘यू. पी. आय.’ ही पद्धत रूढ झाल्यावर हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरला. या पद्धतीत पैसे पाठविताना खातेदाराला सहसा आपला पिन द्यावा लागतो. पैसे स्वीकारताना तो द्यावा लागत नाही. ‘तुमच्या खात्यात रक्कम जमा करावयाची आहे, पिन टाका’ असे सांगून होणाऱ्या फसवणुकीचे मर्म येथेच आहे. पिन म्हणजे आपली ओळख पटवून खर्चास दिलेली संमती, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या मनात अशा वेळी सहज शंका येते. पिन म्हणजे यंत्राला लागणारा कुठला तरी आकडा, अशी ज्याची समजूत आहे, तो फसतो.

एम. आर. पी. : विसरलेला ‘कमाल’

वेष्टनावरील ‘एम. आर. पी.’ ही अक्षरे ‘मॅक्सिमम रिटेल प्राइस’, म्हणजे कमाल किरकोळ किंमत, या शब्दांची आहेत. व्यवहारात यातील शेवटचा शब्द तेवढा ध्यानात राहतो. ‘याची एम. आर. पी. वीस रुपये आहे’ असे म्हणताना बोलणाऱ्याला वस्तूची किंमत वीस रुपये आहे, असेच अभिप्रेत असते. वास्तविक छापलेला आकडा ही वस्तूची किंमत नसून किमतीची वरची मर्यादा आहे. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो आणि ग्राहक त्याहून कमी दरासाठी घासाघीस करू शकतो.

पूर्वी वेष्टनावर किंमत छापून ‘स्थानिक कर वेगळे’ असे लिहिण्याची मुभा होती. कर नेमका किती, हे ग्राहकाला ठाऊक नसल्यामुळे दुकानदार सांगेल ती रक्कम मुकाट्याने द्यावी लागे. १९९० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची पद्धत आली. आज वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालील २०११ चे आवेष्टित वस्तूंविषयीचे नियम यांनुसार ही छपाई बंधनकारक आहे. म्हणून छापील किमतीवर वस्तू व सेवा कर निराळा आकारणे किंवा बाटली थंड केल्याबद्दल चार पैसे अधिक मागणे दुकानदाराला नियमाने करता येत नाही. उपाहारगृहात बसून घेतलेल्या वस्तूची गोष्ट निराळी आहे; तेथे वस्तूबरोबर सेवाही दिली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले आहे. दुकानात मात्र ‘कमाल’ या शब्दाची मर्यादा कायम राहते. ती ओलांडली गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

एफ. आय. आर. : पहिली, आणि केवळ माहिती

‘फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट’ याला मराठीत प्रथम खबर अहवाल असे म्हणतात. या संक्षेपाविषयी दोन परस्परविरोधी गैरसमज आढळतात. ज्याच्यावर असा अहवाल नोंदला गेला तो गुन्हेगारच, असे समाज मानतो. आणि पुरेसा पुरावा हाती असल्याखेरीज आपल्याला तो नोंदविता येणार नाही, असे पीडित मानतो. मूळ शब्दांकडे नीट पाहिले, तर दोन्ही समज गळून पडतात.

हा अहवाल ‘माहिती’चा आहे, तो निकाल नव्हे आणि स्वतंत्र पुरावाही नव्हे. खबर देणाऱ्याच्या साक्षीला पुष्टी देण्यासाठी किंवा तिच्यातील विसंगती दाखविण्यासाठी न्यायालयात त्याचा उपयोग होतो. तो ‘प्रथम’ आहे, म्हणजे त्याच्यानंतर तपास व्हावयाचा आहे. पुरावा गोळा करणे हे तपास यंत्रणेचे काम आहे, खबर देणाऱ्याचे नव्हे. ती देणारा स्वतः पीडित किंवा प्रत्यक्षदर्शी असलाच पाहिजे, असेही बंधन नाही.

‘अहवाल’ हा तिसरा शब्दही तितकाच मोलाचा आहे. पूर्वी या नोंदीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १५४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली असली, तरी ती लिहून घेतली पाहिजे, देणाऱ्याला वाचून दाखविली पाहिजे व तिच्यावर त्याची सही घेतली पाहिजे. तिची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला तत्काळ आणि विनामूल्य मिळाली पाहिजे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, हे कारण सांगून परत पाठविता येत नाही. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तिच्यावर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते.

दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर नोंद करणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये दिला. नव्या संहितेनुसार तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. नोंद नाकारली गेल्यास खबरीचा सारांश पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठविता येतो आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ठाण्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाला एवढे ठाऊक असले, तरी त्याचा मार्ग तेथेच संपत नाही.

ओ. आर. एस. : पाण्याचे माप

‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स’, म्हणजे शरीरातून गेलेले पाणी व क्षार तोंडावाटे भरून काढणारे मिश्रण. महाराष्ट्रात ते जलसंजीवनी या नावाने ओळखले जाते.

अतिसारात किंवा पटकीत रोगी दगावतो, तो बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात व त्यांच्याबरोबर पाणीही शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही क्रिया टिकून राहते. या ज्ञानाची मोठी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत तयार करवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये डॉ. महालनबीस यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या संक्षेपातील शेवटचे अक्षर पुडीतील ‘सॉल्ट्स’चे, म्हणजे क्षारांचे, आहे, परंतु पुष्कळ जण त्याचा अर्थ ‘सोल्युशन’, म्हणजे द्रावण, असा करतात. दोन्ही अर्थ ध्यानात ठेवणे हिताचे आहे. पुडीत क्षार असतात. वेष्टनावर सांगितले असेल तितक्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळविली, म्हणजे औषध तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे प्रमाण आहे. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालविल्यास द्रावण तीव्र होते आणि अपाय करते. पुडी मिळत नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालून तात्पुरती सोय करता येते.

साखर बेताबाहेर असली, तर ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. तरीही नावात ही तीन अक्षरे असलेली, परंतु पुष्कळ साखर असलेली गोड पेये बाजारात विकली जात होती. हैदराबादमधील एका बालरोगतज्ज्ञ महिलेने या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावांत ‘ओ. आर. एस.’ वापरण्यास मनाई केली. आजारी मूल मांडीवर घेऊन दुकानात आलेल्या आईने अक्षरे बरोबर सांगितली होती. परंतु तेवढ्याने हाती येणारी वस्तू बरोबर असेलच, याची शाश्वती नव्हती.

उपसंहार

या चारही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसून येते. संक्षेपामुळे वाचणारा वेळ जाणत्यांचा असतो. त्याची किंमत अजाणत्यांना मोजावी लागते. संक्षेप टाळावेत, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यावाचून आजचा व्यवहार चालणे कठीण आहे. परंतु कोणतीही तीन अक्षरे समोर आली असता तीन प्रश्न विचारण्याची सवय अंगी बाणविणे शक्य आहे. ही कोणत्या शब्दांची आद्याक्षरे आहेत? येथे, या ठिकाणी, त्यांचा कोणता अर्थ अभिप्रेत आहे? आणि त्या शब्दांनी आपल्याला काय मिळते किंवा आपल्याकडून काय मागितले जाते?

हे प्रश्न विचारण्यासाठी इंग्रजी येण्याची आवश्यकता नाही. दुकानात, बँकेत किंवा पोलीस ठाण्यात समोरच्या माणसाला ‘या अक्षरांचा अर्थ काय?’ असे आपल्या भाषेत विचारता येते. शाळेत जाणाऱ्या मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांना एका संक्षेपाचा अर्थ जरी समजावून सांगितला, तरी त्या घरात एका हक्काची ओळख होते.