भांडण आईबापांचे, पोटदुखी मुलाची

गेल्या पावसाळ्यात रोह्याच्या एक आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. पेणला माझा दवाखाना आहे. आठवड्यातून दोन दिवस मी रोह्यालाही बसतो. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत शिकणारा. तक्रार एकच, पोट दुखते. आधी दोन ठिकाणी दाखवून झाले होते. जंतांचे औषध झाले, लघवी आणि शौचाची तपासणी झाली, सोनोग्राफीही झाली. सारे नॉर्मल.

मी आजींना विचारले, “दुखते कधी?”

“डॉक्टरसाहेब, रविवारी संध्याकाळी हमखास.”

“रविवारी काय असते?”

आजी गप्प झाल्या. उत्तर मुलानेच दिले. “पप्पांचा फोन येतो.”

आईवडील दीड वर्षापासून वेगळे राहत होते. वडील मस्कतला नोकरीला, आई रोह्याला माहेरी, वडिलांचे आईवडील पेणला. नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हते. जे सांगायचे ते मुलाच्या तोंडून. “पप्पांना सांग, फी भरायची राहिली आहे.” “आईला विचार, मागच्या महिन्याचे पैसे कुठे गेले.” आठ वर्षांचे पोर दोन्ही घरांचे टपाल वाहत होते, आणि प्रत्येक निरोपाला दोन्हीकडची बोलणी तेच खात होते.

हे दुखणे खोटे नसते

अशा मुलाला ‘नाटक करतो’ म्हणणे चूक आहे. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते आणि तिथल्या संवेदना तीव्र होतात. मुलाला खरोखर दुखते. पोटदुखीखेरीज डोकेदुखी, शाळेला जाण्याची टाळाटाळ, झोपेत दचकणे, अंथरूण ओले करण्याची गेलेली सवय पुन्हा येणे, अशा तक्रारी घेऊनही ही मुले येतात. मोठ्यांमध्ये झोप उडते, छातीत धडधडते, रक्तदाब औषधाला दाद देत नाही.

मात्र प्रत्येक पोटदुखी ताणाची समजू नका. मूल दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आधी शारीरिक कारण शोधलेच पाहिजे. या मुलात यातले काहीही नव्हते. त्याच्या दुखण्यावर माझ्याकडे बाटलीतले औषध नव्हते.

मध्यस्थी म्हणजे काय?

आपल्याकडे नवराबायकोचे भांडण झाले की भावकीची बैठक बसते. वडीलधारी माणसे दोघांना बोलतात आणि शेवटी निवाडा सांगतात. मध्यस्थी ही तशी बैठक नव्हे. मध्यस्थ हा दोन्ही घरांशी संबंध नसलेला, प्रशिक्षण घेतलेला माणूस असतो. तो निवाडा देत नाही आणि कोण चुकले हे ठरवत नाही. दोघांनी आपला तोडगा आपणच काढावा, यासाठी तो बोलणे मार्गावर ठेवतो. तिथे झालेले बोलणे गुप्त राहते. पुढे खटल्यात ते पुरावा म्हणून आणता येत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मध्यस्थी म्हणजे पुन्हा नांदायला पाठवणे नव्हे. नवराबायकोचे नाते संपले तरी आईबाप हे नाते संपत नाही. ते पुढे कसे निभवायचे, हे ठरवण्यासाठीही मध्यस्थी असते.

ही कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेच न्यायालयावर आधी समझोत्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली. वैवाहिक तंटे मध्यस्थीकडे पाठवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात मुलांच्या ताब्याच्या वादात मध्यस्थीवर भर दिला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर ताब्याच्या वादात ही पायरी १९८१ पासून सक्तीची आहे.

पडद्यावर हे कसे चालते?

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे मत दिले होते, की समझोत्याच्या टप्प्यावर व्हिडिओवरून कामकाज नको. तिथे समोरासमोर बसणे आणि गुप्तता महत्त्वाची. ती शंका रास्त होती. पण २०२० मध्ये कोविड आला, न्यायालयाचे दरवाजे बंद झाले आणि काम पडद्यावर आले. पुढे २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात, दोघांची लेखी संमती असल्यास ऑनलाइन मध्यस्थीची तरतूद करण्यात आली. या कायद्याची कलमे टप्प्याटप्प्याने अमलात आणायची असून पहिली काही ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली.

प्रत्यक्ष पद्धत साधारण अशी असते. प्रथम मध्यस्थ दोघांशी स्वतंत्रपणे बोलतो. मारहाण, धमकी, भीती असे काही आहे का, हे याच वेळी विचारले जाते. मग नियम सांगून संमती घेतली जाते. त्यानंतर दोघे आपापल्या ठिकाणाहून व्हिडिओवर एकत्र येतात आणि आळीपाळीने बोलतात. आवाज चढला तर मध्यस्थ एकाला थांबायला सांगून दुसऱ्याशी वेगळे बोलतो. पडद्यावर हे एका बटणाने होते. ठरलेल्या गोष्टी कलमवार लिहून दोघांना वाचायला देतात. शेवटी सह्या होऊन कागद न्यायालयापुढे जातो. घटस्फोट मध्यस्थ देत नाही, न्यायालय देते. मुलाच्या ताब्याबाबतही अखेरचा शब्द न्यायालयाचा, आणि तिथे मुलाचे हित हीच कसोटी.

मस्कतच्या नोकरदाराला तारखेसाठी येणे म्हणजे रजा आणि विमानाचे भाडे. रोह्याच्या बाईला अलिबागला जाणे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडणे. पडद्यावर हा खर्च वाचतो. ज्यांना एका खोलीत बसले की घाम फुटतो, त्यांनाही अंतर असल्याने शांतपणे बोलता येते.

पण काही पथ्ये पाळावी लागतात. दार बंद होणारी खोली घ्या आणि कानाला इअरफोन लावा. दाराआड मामा, मावशी, सासूबाई उभ्या नकोत. रेकॉर्डिंग करू नका. मुख्य म्हणजे त्या वेळी मूल घरात नको. त्याला शेजारी किंवा शिकवणीला पाठवा. मोबाइलची रेंज आधी तपासा. घरात सोय नसेल तर वकिलांच्या कार्यालयात बसण्याबद्दल विचारा.

मध्यस्थी कुठे नको?

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई दंडावरचे वळ दाखवायला आल्या होत्या. मी मलम दिले आणि म्हणालो, “जरा सांभाळून घ्या, दोघांना समोर बसवून बोलू.” तीन आठवड्यांनी त्या मोडलेला हात घेऊन आल्या. मी चांगल्या हेतूने बोललो होतो. पण जिथे एक माणूस दुसऱ्याला भितो, तिथे समोरासमोरचे बोलणे बरोबरीचे होत नाही. पडद्यावर तर धोका अधिक, कारण कॅमेऱ्याच्या बाहेर कोण उभे आहे हे मध्यस्थाला दिसत नाही.

मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत. डॉक्टरांना जखमांचे खरे कारण सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.

जायचे कुठे?

खटला चालू असेल तर ‘प्रकरण मध्यस्थीकडे पाठवावे आणि व्हिडिओची परवानगी मिळावी’ अशी विनंती वकिलामार्फत करता येते. खटला नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळते. न्यायालयाशी जोडलेली मध्यस्थी सर्वसाधारणपणे विनाशुल्क असते. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. मनावरचा ताण असह्य झाला असेल तर ‘टेलिमानस’ला १४४१६ वर फोन करावा, तिथे मराठीतून बोलता येते.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

मुलाच्या आईने न्यायालयात अर्ज आधीच केलेला होता. मध्यस्थीची विनंती मान्य झाली. चार बैठका व्हिडिओवर झाल्या. दुसरी तर वडिलांनी मध्येच बंद केली. तरीही अखेर एक पानाचा कागद तयार झाला. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता फोन. तेव्हा मस्कतला साडेपाच वाजलेले असतात. फोनवर पैशांचा विषय नाही. फी वडील थेट शाळेत भरतील. मोठ्यांचे निरोप मोठ्यांनीच एकमेकांना लिहून पाठवायचे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो गणपतीवर. पेणच्या घरचा गणपती की रोह्याच्या घरचा? ठरले असे, की चतुर्थीपासून दोन दिवस मुलगा पेणला आजोबांकडे, गौरी आणायला रोह्याला.

नवराबायको एकत्र आले नाहीत. घटस्फोटाचे प्रकरण चालू आहे आणि पोटगीचा मुद्दा अजून सुटलेला नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत आजी स्वतःच्या गुडघ्यांसाठी आल्या, तेव्हा नातू बाहेर बाकावर बसला होता. मी पोटाचे विचारले. परीक्षेच्या आदल्या दिवशी एकदा दुखले, म्हणाला. रविवारचे दुखत नाही.

वाचकहो, वेगळे व्हायचे की नाही हा तुमचा निर्णय. त्यात डॉक्टरने पडू नये. पण वेगळे होणार असाल तर मुलाच्या हाती निरोप देणे आजपासून थांबवा. त्यासाठी कोर्टाच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.