कॉमिक कॉनची पहिली वारी: तिकीट परवडतं, पिशवी परवडत नाही

कॉमिक कॉनला पहिल्यांदा जाणारा जो तो आधी तिकीट कितीला ते विचारतो. त्यावरून खर्चाचा अंदाज काही लागत नाही. एकच तिकीट काढून आत गेलेल्या दोन मित्रांपैकी एक जण शंभर रुपयांचे स्टिकर घेऊन बाहेर पडतो आणि दुसरा घरी कळू नये अशा आकड्याचा पुतळा बगलेत मारून येतो. फरक पडतो तो आपण नेमकं कशासाठी चाललोय, हे आधी ठरवलं की नाही यावर. बघायला, विकत घ्यायला, की एखाद्या पात्राचा वेश करून, म्हणजे कॉस्प्ले करून, मिरवायला? तिन्हींचे हिशेब वेगळे आहेत.

अमेरिकेत सॅन डिएगोला १९७० साली सुरू झालेला कॉमिक्सच्या मेळाव्याचा हा प्रकार आपल्याकडे २०११ साली दिल्लीत आला. त्यानंतर मुंबईत, आणि बंगळूर, हैदराबादसारख्या शहरांत. मुंबईत पूर्वी गोरेगावच्या नेस्कोमध्ये भरायचा, अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरलाय. पुण्यातही होतो. शहर, तारखा आणि जागा हंगामागणिक बदलतात, म्हणून मित्राने पाठवलेल्या जुन्या पोस्टरवर विसंबून रेल्वेचं आरक्षण करू नका.

तिकीट

एका दिवसाच्या साध्या तिकिटासाठी माणशी हजार ते दीड हजार रुपये धरून चाला. लवकर घेतलं तर थोडं कमी पडतं. पैसे भरताना शेवटच्या पानावर कन्व्हिनियन्स फी आणि तिच्यावरचा जीएसटी चढतो, तोही मोजा. तिकिटासोबत बहुधा एखादं कॉमिक आणि पोस्टर मिळतं. त्यामुळे आपण निव्वळ प्रवेशाचे पैसे भरत नाही, हे लक्षात असू द्या.

याच्या वर असतं ते सुपरफॅन छापाचं तिकीट. काही पटींनी महाग, सोबत खोकाभर वस्तू आणि वेगळी रांग. पहिल्या वर्षी हे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. खोक्यातल्या वस्तू दुसऱ्याने निवडलेल्या असतात. तुम्ही नारुतोचे भक्त आणि खोक्यात निघावा भलताच कुणी सुपरहिरो, तर तो पुढे वर्षभर कपाटावर धूळ खातो. तेवढ्याच पैशांत आत जाऊन आपल्या आवडीचं चौपट घेता येतं.

शनिवार की रविवार? दोन्ही दिवस गर्दी असतेच. पुस्तकं हवी असतील आणि विशिष्ट अंकाच्या शोधात असाल तर शनिवारी सकाळी जा. घासाघीस करायची असेल तर रविवारी दुपारनंतर. उरलेला माल खोक्यांत भरून परत नेणं विक्रेत्याला जिवावर येतं, तेव्हा ‘तीन घेतले तर काय द्याल?’ असं विचारायला लाजू नये. तिकीट परत होत नाही, या अटीवरच विकलेलं असतं. समाजमाध्यमांवर ऐनवेळी ‘दोन पास आहेत’ म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. एकच क्यूआर कोड पाच जणांना विकता येतो आणि दारात पहिला जो पोचेल तोच आत जातो.

जाणं-येणं

बीकेसीला स्वतःची गाडी नेऊ नका, एवढं सांगून मी हा विषय आटोपता घेतला असता, पण इथेच लोक उगाच पाचशे रुपये घालवतात. वांद्रे पूर्व आणि कुर्ला पश्चिम या दोन स्टेशनांना जोडणारी बेस्टची ३१० क्रमांकाची बस बीकेसीतून जाते. तिचं किमान भाडं दहा रुपये, वातानुकूलित असेल तर बारा. शेअर रिक्षाही दोन्हीकडून मिळते. मीटरने गेलात तर रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. संध्याकाळी सगळा जथा एकदम बाहेर पडतो, तेव्हा ॲपवरची टॅक्सी तिप्पट भाव सांगते. तिच्या नादी न लागता भुयारी मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन गाठावं.

पुणेकरांनी सकाळची डेक्कन क्वीन किंवा प्रगती धरून दादरला उतरायचं, हे सोपं आहे. घोळ परतीचा होतो. डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि सिंहगड त्यानंतर तासाभरात. म्हणजे कॉस्प्ले स्पर्धा रंगात आलेली असताना तुम्हाला उठावं लागणार. त्यापेक्षा परतीला दादरहून शिवनेरीचे पैसे वेगळे काढून ठेवलेले बरे, किंवा पुण्यात भरेल तेव्हाच जा.

पिशवी

खरी कात्री इथे लागते. दारातून आत शिरल्याबरोबर समोर येतात ते मोठ्या कंपन्यांचे झगमगीत स्टॉल. टी-शर्ट, मग, की-चेन, मोठ्या डोक्याचे फंको पॉप. यातलं बहुतेक सगळं वर्षभर ऑनलाइन मिळतं, कित्येकदा स्वस्तात. जपानी मांगाचा एक खंड साधारण चारशे ते सहाशेला पडतो. वीस-पंचवीस खंडांची मालिका असेल तर पहिल्या खंडावर भागवून बाकीचे सवलतीच्या हंगामात घ्यावेत. ‘फक्त इथेच’ अशी पाटी दिसली की फोन काढून तीच वस्तू शोधायची. मिळाली तर पुढे चालू लागायचं.

पैसे खर्चायची जागा आहे ती मागच्या बाजूला, चित्रकारांच्या टेबलांची रांग. तिला आर्टिस्ट ॲली म्हणतात. एक दुमडायचं टेबल, त्यावर प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेले प्रिंट, एका कोपऱ्यात यूपीआयचा क्यूआर कोड आणि मागे खुर्चीवर ती चित्रं काढणारा माणूस स्वतः. हा माल एरवी दुकानात सहजी दिसत नाही. मुंबईच्या अभिजित किणींची नऊवारी नेसून गुंडांना लोळवणारी ‘अँग्री मावशी’ असो की विवेक गोयल यांच्या होली काऊ प्रकाशनाचे ‘रावणायन’सारखे अंक, अशा पुस्तकांचे कर्ते याच मेळाव्यांतून वाचकांना भेटत आलेत. पुस्तक विकत घेतलं की सही आणि बऱ्याचदा पहिल्या पानावर एक छोटं रेखाटन तसंच मिळतं. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. अमेरिकेतल्या अनेक मेळाव्यांत नटनट्यांच्या सहीचे आणि सोबतच्या फोटोचे डॉलर स्वतंत्र मोजावे लागतात, त्या मानाने आपण सुखी आहोत.

स्टिकर पन्नास-शंभर, पोस्टकार्डाएवढा प्रिंट शंभर-दोनशे, मोठा प्रिंट तीनशेच्या पुढे, अशी साधारण पायरी असते. समोर बसून तुमचं चित्र काढून हवं असेल तर ते काम वेगळं. त्याचा भाव आधी विचारा, आकार आणि रंगीत की काळंपांढरं ते ठरवा, आणि सकाळीच नाव नोंदवा. दुपारी गेलात तर वही भरलेली असते. इथे मात्र घासाघीस करू नका. प्रवासाचा, टेबलाच्या भाड्याचा आणि छपाईचा खर्च त्या माणसाने पदरचा केलेला असतो.

आणि प्रिंट घरी नेणार कसे? लोकलच्या गर्दीत गुंडाळी चेपते. पोस्टरची नळी तिथे विकत घेण्याऐवजी कापडाच्या दुकानातून ताग्यातली रिकामी पुठ्ठ्याची नळी मागून आणा आणि हवी तेवढी कापून घ्या. दुकानदार ती फेकूनच देणार असतो.

रोख पैसे जवळ असूच द्यात. हजारो फोन एका छताखाली आले की नेटवर्क मान टाकतं आणि यूपीआयचं चक्र फिरत बसतं. तिकिटाचा स्क्रीनशॉट आदल्या रात्रीच काढून ठेवा. रोखीचा आणखी एक फायदा: पाकीट रिकामं झालं की खरेदी संपली, हे डोळ्यांना दिसतं.

वेश

कॉस्प्ले केलाच पाहिजे असं काही नाही. साध्या कपड्यांतले लोकही भरपूर असतात. पण करायचाच तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट कपाटातली. पांढरा शर्ट, काळी पँट, टाय आणि गोल काड्यांचा चष्मा, वर शाळेतल्या पट्ट्यांचा मफलर, की हॅरी पॉटर झाला. खर्च दोनशेच्या आत.

दुसरी वाट ड्रेपरीवाल्याची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला कपडे पुरवणारा जो असतो, त्याच्याकडे लहान मुलांच्या मापाचे स्पायडरमॅन-बॅटमॅन हमखास असतात. एका दिवसाचं भाडं काही शे रुपये आणि वर अनामत. मुलांसाठी यापेक्षा शहाणपणाचा मार्ग नाही; पुढच्या वर्षी तो पोशाख त्यांना बसणारच नसतो. अनामतीची पावती घ्या आणि आधीच फाटलेली शिवण त्याला दाखवून ठेवा.

तिसरी वाट स्वतः बनवण्याची, आणि ती खर्चिक आहे. चिलखत बनतं ईव्हीए फोमचं. अंगाभोवती पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, त्यावर चिकटपट्टी लावायची, पेनाने रेषा मारून कापायचं. तो झाला साचा. फोमचे तुकडे हीट गनने गरम करून गुडघ्यावर वाकवायचे, फेव्हिबॉन्ड दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू द्यायचं आणि मग एकदाच नेम धरून जोडायचं, कारण चिकटलं की सुटत नाही. हे काम खिडकी उघडी ठेवूनच करा, वास डोक्यात जातो. रंगाआधी पातळ फेव्हिकॉलचे तीन-चार हात दिले नाहीत तर फोम सगळा रंग पिऊन टाकतो. फोम, गोंद, रंग, पट्टे मिळून छातीचं आणि खांद्याचं चिलखत दोन-तीन हजारांत होतं. हीट गन हजाराच्या आसपास, पण ती मित्राकडून आणता येते. विग सहाशे ते दीड हजार. सामान मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, पुण्यात बोहरी आळीत धुंडाळा. कापड हवं तर हिंदमाता किंवा लक्ष्मी रस्ता आहेच.

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स मात्र ऑनलाइन दोनशे रुपयांत मागवू नका. नेत्रतज्ज्ञाकडे डोळे तपासून मगच घ्या, नाहीतर लेन्सचा हट्ट सोडा.

तलवार, बंदूक, धनुष्य यांची दारात तपासणी होते. धातूची धार असेल तर वस्तू बाहेरच राहते, मग ती कितीही पैशांची असो. म्हणून हत्यारही फोमचंच बनवा. मुंबईच्या दमट हवेत चिलखतात दोन तासांवर तग धरवत नाही, तेव्हा साधा टी-शर्ट पिशवीत टाका. आणि दुसऱ्याच्या वेशाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. न्यूयॉर्कच्या मेळाव्यात २०१४ साली याच्या मोठमोठ्या पाट्या लावाव्या लागल्या होत्या.

खाणं आणि बिल

बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत. आतल्या स्टॉलवर माणशी तीनशे-चारशे सहज जातात. पोटभर खाऊन जा. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतात का, हे दारावर विचारून मगच वडापावच्या शोधात निघा.

पाकीटबंद वस्तूवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे विक्रेत्याला घेता येत नाहीत. बसवून वाढणाऱ्या हॉटेल-रेस्टॉरंटांची गोष्ट वेगळी. त्यांना २०१७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोकळीक दिली आहे. खेळण्यांचं म्हणाल तर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. धाकट्यासाठी घेताय तर खोकं उलटून बघा. संग्राहकांच्या बाहुल्यांचा प्रश्न वेगळा, तिथे नक्कल ओळखावी लागते. खोक्यावरची छपाई धुरकट, बारकोड खरवडलेला आणि किंमत निम्मी असली, तर काय ते समजा.

महागड्या वस्तूचं बिल मागा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाच्या बाबतीत कामाचा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. फक्त अडचण अशी, की स्टॉल रविवारी रात्री उठतो आणि विक्रेता भलत्याच शहरात निघून जातो. म्हणून बिलावर दुकानाचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आहे ना हे तिथल्या तिथे वाचा, आणि पुतळ्याचा हात मोडलेला नाही ना, हे खोकं उघडवून बघा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

चौघांचा हिशेब

डोंबिवलीचं एक चौकोनी कुटुंब धरू. मुलं दहा आणि चौदा वर्षांची, म्हणजे चौघांनाही तिकीट लागेल असंच समजू: पाच हजार. लोकल आणि बस मिळून दोन-अडीचशे. खाणं दीड हजार. धाकट्याच्या पोशाखाचं भाडं पाचशे. इथेच सव्वासात हजार झाले आणि अजून एकही कॉमिक विकत घेतलेलं नाही. खरेदीला अडीच हजार ठेवले तर दहा हजारांच्या आत जमतं. ते अडीच हजार घरूनच वाटून द्यावेत. मोठीला हजार, धाकट्याला पाचशे, उरलेले आईबाबांचे. आणि एकाचे संपले म्हणून दुसऱ्याने उसने द्यायचे नाहीत, हेही घरातून निघतानाच सांगून टाकावं.

कॉलेजातल्या एकट्या मुलाला किंवा मुलीला तिकिटासकट अडीच हजार पुरतात. स्वतः चिलखत बनवणाऱ्याला सहा-सात हजार लागतात, पण ते दोन-तीन महिन्यांत थोडे थोडे जातात आणि तेच चिलखत पुढच्या हंगामात नवा रंग देऊन चालतं.