अनोळखी रानफुलाची नोंद : सूर्यफूल कुलातील एका नव्या जातीवरून घ्यावयाचा धडा

बांधावर किंवा डोंगरउतारावर एखादे अनोळखी रोप दिसले, तर आपण बहुधा त्याला गवत समजून पुढे जातो. परंतु असे रोप शास्त्राला सर्वस्वी नवे असू शकते, किंवा पुढे शेतीला जड जाणारे तणही असू शकते. दोन्ही बाबतींत ते वेळीच ओळखणे अगत्याचे असते. हे एका अलीकडच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

एका लहानशा फुलाचा शोध

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत बिग बेंड हे राष्ट्रीय उद्यान आहे. हा प्रदेश डोंगराळ व रखरखीत असून पाऊस अगदी बेताचा पडतो. मार्च २०२४ मध्ये तेथील एका स्वयंसेवकाच्या दृष्टीस दगडगोट्यांत वाढलेली काही बुटकी, पांढरी लवदार रोपे पडली. ती ओळखीची नव्हती. त्यांची छायाचित्रे जाणकारांपुढे ठेवण्यात आली. परंतु कोणालाही त्यांचे नाव सांगता येईना. तेव्हा वनस्पतिसंग्रहांतील जुन्या नमुन्यांशी त्यांची तुलना झाली व आनुवंशिक द्रव्याचीही तपासणी झाली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ओव्हिक्युला बायरेडिएटा’ या नावाने या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती नवी जाती तर ठरलीच. शिवाय तिच्यासाठी नवी प्रजाती, म्हणजे जातींचा नवा गटच, स्थापावा लागला.

नावाचा अर्थ शेतकऱ्यांना सहज पटण्यासारखा आहे. ओव्हिक्युला म्हणजे लहानसे मेंढरू. पानांवरील दाट लव लोकरीसारखी दिसते आणि त्या उद्यानात रानमेंढ्याही आहेत. बायरेडिएटा म्हणजे दोन किरणांची. कारण तिच्या फुलाला बाहेरच्या बाजूस दोनच पाकळ्या दिसतात. ही वनस्पती वर्षायू असून पाऊस झाला तरच उगवते. ती थोड्याच ठिकाणी आढळल्यामुळे अवर्षण लांबल्यास नाहीशी होण्याची भीती आहे.

हे कुल कसे ओळखावे?

ही वनस्पती सूर्यफूल कुलातील आहे. या कुलात ज्यास आपण एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. त्यास स्तबक म्हणतात. मधल्या फुलांस बिंब-पुष्पके व कडेच्या पाकळीसारख्या फुलांस किरण-पुष्पके म्हणतात. काही वनस्पतींत यांपैकी एकाच प्रकारची पुष्पके असतात. सूर्यफूल, करडई, कारळा, झेंडू व शेवंती ही या कुलातील आपली पिके होत. पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीची पठारे पिवळी करणारी सोनकीही याच कुलातील आहे.

दुसरी बाजू

गाजरगवतही याच कुलातील आहे. पुण्यातील त्याच्या वाढीची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर ते देशभर पसरले व पिकांस, गुरांस आणि माणसांच्या त्वचेस उपद्रवकारक ठरले. तण थोडे असते तेव्हाच ते उपटून टाकणे सोपे असते; एकदा बी सर्वत्र पडले की श्रम व खर्च दोन्ही वाढतात. म्हणून दुर्मिळ फूल राखण्यासाठी आणि नवे तण रोखण्यासाठी एकच सवय उपयोगी पडते. ती म्हणजे लक्षपूर्वक पाहणे आणि लिहून ठेवणे.

नोंद कशी करावी?

१. गाव, शिवार, तारीख, जमिनीचा प्रकार व रोपांची अंदाजे संख्या लिहावी.

२. संपूर्ण रोप, पान व स्तबक यांची छायाचित्रे जवळून घ्यावीत. मापासाठी शेजारी नाणे ठेवावे.

३. फुलाचा रंग ताज्या रोपावरूनच लिहावा. वाळल्यावर तो पालटतो.

४. रोपे थोडीच असल्यास एकही उपटू नये. पुष्कळ असल्यास फुलासह एक नमुना वर्तमानपत्राच्या कागदांत दाबून ठेवावा व कागद रोज बदलावेत. राखीव वनात परवानगीशिवाय काहीही तोडू नये.

५. ही माहिती कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवावी. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीतही तिची नोंद करावी.

६. नाव निश्चित होईपर्यंत ते रोप गुरांस चारू नये, औषध म्हणून वापरू नये आणि त्याचे बी दुसरीकडे नेऊ नये.

बिग बेंडमधील ते फूल प्रथम एका स्वयंसेवकाच्या नजरेस पडले. शास्त्रज्ञांचे काम त्यानंतर सुरू झाले. आपल्या शिवारातून रोज फिरणारा शेतकरी व ग्रामपातळीवरील कार्यकर्ता यांच्याइतकी तेथील ओळख दुसऱ्या कोणास असणार? म्हणून यंदाच्या पावसाळ्यात जे रोप ओळखू येणार नाही, त्यापाशी क्षणभर थांबावे आणि त्याची नोंद करावी.