डिस्कविना संगणक जागा कसा होतो?

संगणकाची कळ दाबली की थोड्याच वेळात पडद्यावर चित्रे उमटतात आणि यंत्र आपल्या आज्ञेची वाट पाहू लागते. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यामागे काय घडते याचा विचार क्वचितच मनात येतो. वस्तुतः वीज मिळताक्षणी संगणकाला फारच थोडे ठाऊक असते. त्याचा सारा कारभार पाहणारी कार्यप्रणाली हार्ड डिस्कवर निद्रिस्त असते. तिला तेथून उचलून मेमरीत आणणे, या क्रियेस ‘बूट होणे’ म्हणतात. स्वतःच्या बुटाचे बंद धरून स्वतःलाच वर उचलणे, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून हे नाव पडले.

मग ज्या संगणकात हार्ड डिस्कच नाही, तो जागा व्हावा कसा? उत्तर असे की, कार्यप्रणाली त्याच्या पोटात नसली तरी चालते. जवळच्या दुसऱ्या संगणकावर असली आणि दोघांमध्ये तार असली की पुरे. या दुसऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात, व त्याच्या आधारावर चालणाऱ्या यंत्रांस वर्कस्टेशन.

ही कल्पना नवी नाही. १९८० नंतरच्या दशकात डिस्क फार महाग होत्या. म्हणून सन मायक्रोसिस्टिम्ससारख्या कंपन्यांनी डिस्करहित वर्कस्टेशने बनविली. यंत्राने आपला पत्ता कसा विचारावा याचा ‘आरएआरपी’ नावाचा नियम १९८४ साली प्रसिद्ध झाला. पण त्यातून केवळ पत्ताच मिळे. पुढच्याच वर्षी बिल क्रॉफ्ट व जॉन गिल्मोर यांनी ‘बूटपी’ हा नियम मांडला. त्यात पत्त्याबरोबर ‘कोणत्या सर्व्हरकडून कोणती फाइल आणावी’ हेही सांगण्याची सोय होती. १९९३ मध्ये त्याचाच विस्तार होऊन ‘डीएचसीपी’ आला आणि १९९९ मध्ये इंटेल कंपनीने ‘पीएक्सई’ पद्धतीची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. आज बहुतेक संगणकांत ही सोय असते.

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. वसतिगृहात नव्याने आलेला मुलगा अंगणात उभा राहून ‘माझी खोली कोणती?’ असे मोठ्याने विचारतो, तसेच वर्कस्टेशन करते. त्याच्या नेटवर्क कार्डावर एक लहानसा प्रोग्राम कायमचा कोरलेला असतो. तो साऱ्या नेटवर्कला उद्देशून हाक देतो. त्या हाकेत कार्डाचा ४८ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. त्यावरून हाक देणारा कोण, हे सर्व्हर ओळखतो आणि त्यास पत्ता व फाइलचे नाव कळवितो.

यानंतर ‘टीएफटीपी’ या अगदी साध्या पद्धतीने फाइल येते. गाडीतून पोती उतरविताना प्रत्येक पोत्याची पावती मिळाल्याखेरीज पुढचे उतरवायचे नाही, असा हा व्यवहार. प्रत्येक पोते ५१२ बाइटांचे. ज्यात त्याहून कमी माल असेल ते शेवटचे. १ मेगाबाइटची फाइल म्हणजे अशी २,०४८ भरलेली पोती, आणि ‘संपले’ हे कळावे म्हणून अखेरीस एक रिकामे! पोत्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने तो ६५,५३५ पर्यंतच जातो. म्हणून मूळ नियमाप्रमाणे सुमारे ३२ मेगाबाइटहून मोठी फाइल पाठविता येत नसे. १९९५ मध्ये पोत्याचा आकार वाढविण्याची मुभा मिळाली. तरीही या मार्गाने लहानसा आरंभीचा प्रोग्राम व कार्यप्रणालीचा गाभा आणावा आणि उरलेला मोठा भाग ‘एनएफएस’सारख्या अधिक समर्थ पद्धतीने वापरावा, हे श्रेयस्कर.

शाळेच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल मोठे आहे. ज्यांच्या डिस्क निकामी झाल्या आहेत, अशी जुनी यंत्रेही पुन्हा कामास येतात. १९९९ मध्ये जिम मॅक्विलन यांनी आरंभलेला ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ याच हेतूने अनेक शाळांत वापरला गेला. नवा प्रोग्राम घालायचा असेल तर तीस ठिकाणी न घालता एकाच ठिकाणी घालावा लागतो. शिवाय विद्यार्थी कोणत्याही यंत्रापाशी बसला, तरी त्याचे काम त्याला तेथे सापडते.

परंतु सोयीबरोबर जबाबदारीही येते. समजा, तीस वर्कस्टेशने तास सुरू होताच एकदम चालू केली आणि प्रत्येकास ५० मेगाबाइट माहिती हवी आहे. एकूण १,५०० मेगाबाइट, म्हणजे १२,००० मेगाबिट झाले. सर्व्हरची तार सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणारी असेल, तर किमान १२० सेकंद लागतील. १,००० मेगाबिटांची असेल, तर १२ सेकंद. तेव्हा खर्च करायचा असेल, तर तो प्रथम सर्व्हरच्या तारेवर व मेमरीवर करावा.

दुसरी गोष्ट विश्वासाची. टीएफटीपीत परवलीचा शब्द नसतो. आणि वर्कस्टेशनची हाक साऱ्यांना ऐकू जात असल्याने जो योग्य उत्तर देईल, त्यावर ते विश्वास ठेवते. कोणी त्याच नेटवर्कवर दुसरे, चुकीची उत्तरे देणारे यंत्र जोडले, तर वर्ग भलत्याच मार्गाला लागेल. म्हणून हे नेटवर्क इतरांपासून वेगळे ठेवावे, आणि जेथे सोय असेल तेथे स्वाक्षरी तपासूनच प्रोग्राम चालविणारी ‘सिक्युअर बूट’ व्यवस्था वापरावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका वर्कस्टेशनचा बिघाड एका विद्यार्थ्याला अडवितो. सर्व्हरचा बिघाड साऱ्या वर्गाला. सर्वांचे वर्षभराचे लेखन त्या एकाच ठिकाणी असेल, तर त्याची प्रत नियमितपणे दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या खोलीत, ठेवली पाहिजे. वीज अचानक गेल्यास आधार देणारी बॅटरीही सर्व्हरला हवीच. आणि प्रत नुसती ठेवून भागत नाही. तिच्यातून एखादी फाइल परत काढता येते की नाही, हे अधूनमधून पाहावे.

ज्या विद्यार्थ्यांस या विषयाची गोडी लागेल, त्यांनी शिक्षकांच्या अनुमतीने एक सर्व्हर व एकच वर्कस्टेशन तारेने जोडून वरील क्रम स्वतः पाहावा. हाक, उत्तर, फाइल आणि कार्यप्रणाली, या चार पायऱ्यांपैकी गाडी कोठे अडली हे ओळखता आले, म्हणजे विषय समजला असे आम्ही मानू. तीस यंत्रे चालविण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे.